चेहरा, वेळ उरला तर

...तर मूर्खपणा माझाच, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही एकमेकांच्या कानात कुजबुजायला नको. त्या पोरीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, आंटी, काही करू नका, झोपा, उठा आणि गॅलरीत या. तीन गोष्टी. झोपा, उठा, या. यात चुकण्यासारखं काही आहे का? पण मी चुकले, आणि नुसती नाही चुकले, लालबागच्या पार्लरमध्ये दीड तास आडवी पडून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून, अगदी मन लावून चुकले. आता तुम्ही म्हणाल कसली पोरगी, कसली गॅलरी... सांगते ना. मला मध्ये तोडू नका. मध्ये तोडलं की मी पाणी प्यायला उठते आणि तिसराच विषय घेऊन परत येते, असं आमचे हे म्हणतात.

आमचे हे म्हणजे जयवंत. शांत माणूस. बावीस वर्षांत एकदाच आवाज चढला, तो पण सिनेमावरून. कारण तुम्हाला सांगते, मला सिनेमाची सुरुवात चुकलेली चालत नाही. शेवट चुकला तर चुकला, शेवट काय, पोस्टरवर पण कळतो. पण सुरुवात म्हणजे सुरुवात. पडदा काळा असतो तेव्हा मी खुर्चीत हवी. त्यासाठी मी या माणसाला थिएटरच्या जिन्यावरून पळवलंय, समोसे अर्धवट टाकायला लावलेत, एकदा तर पार्किंगवाल्याला म्हटलं, गाडी तुम्हीच लावा, आम्ही परत आलो तर घेऊ. का? कारण माझा अभ्यास आहे. हसू नका. प्रत्येकाचा काहीतरी अभ्यास असतो, माझा हा आहे. सिनेमात बाई पहिल्यांदा येते कशी.

बघितलंय कधी नीट? आधी पाय. ओले पाय, मेंदीचे पाय, उंच टाचांचे पाय, पण पाय. मग कॅमेरा वर चढायला लागतो. पोटरी. कंबर. कंबरेला पोचला की तिथे तो जरा टेकतो, चहापाणी घेतो. मग पाठ. पाठीवर केस, केसांना वारा. बाई घरात उभी आहे, खिडक्या बंद आहेत, पंखा पण बंद दिसतोय, मग वारा कुठून आला, कोणी विचारत नाही. मग ती मान वळवते, सावकाश, म्हणजे आपली मान आखडली की आपण वळवतो तशी, आणि तेव्हा कुठे तोंड दिसतं. तोपर्यंत माझे पॉपकॉर्न संपलेले असतात. आधी पाय, मग पाठ, आणि चेहरा... वेळ उरला तर.

यावर जयवंत काय म्हणाले माहितीय? चष्मा पुसत, अगदी हळू, "हिरोचे पण पाय आधी येतात. गाडीचं दार उघडतं, बूट बाहेर येतो."

बरोबर आहे. येतो. पण मी सोडते होय? मी म्हटलं, अहो, हिरोचा बूट जमिनीवर आपटतो, धूळ उडते, आणि मग कॅमेरा खाली बसून मान वर करून बघतो, देवळाच्या कळसाकडे बघावं तसा. आणि बाईकडे कसा बघतो? आपल्या चाळीकडे बिल्डर बघतो तसा. मजला मजला. पहिला मजला, दुसरा मजला, इथे काय निघेल, तिथे काय निघेल. यावर त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. करी रोडला राहणाऱ्या माणसाला बिल्डरची नजर समजावून सांगावी लागत नाही.

आणि ही तरुण बाईची गोष्ट झाली. आमच्या वयाच्या बाईला पाय पण मिळत नाहीत. तिला हात मिळतात. सिनेमाच्या सुरुवातीला दोन हात देवापुढे निरांजन लावतात, दोन हात चहा गाळतात, आणि मागून खोकला येतो. झाली आई. तोंड कोणाचं होतं, शेवटपर्यंत पत्ता नाही.

हे सगळं मी रोज ऑफिसात ओल्गाला ऐकवायचे. ओल्गा माझ्या शेजारच्या टेबलावर, गिरगावची, वीस वर्षं आम्ही डबा एकत्र खातो, म्हणजे ती माझा सुक्या जवळ्याचा खाते आणि मी तिचं जे असेल ते. एक दिवस ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "अक्षदा, वीस वर्षं तू मला हे सांगतेस आणि मी जेवते. माझं पोट भरतं, पण फायदा कोणाला? हे आमच्या सॅशाला सांग. ती सिनेमा शिकून आलीय."

सॅशा तिची भाची. सव्वीस वर्षांची पोरगी, केस माझ्या नवऱ्यापेक्षा बारीक, खांद्यावर तिच्याएवढी बॅग. रविवारी आली आमच्याकडे. मी आधी पाय, मग पाठ सगळं करून दाखवलं, उठून, मान वळवून, पदराला हातपंख्यानं वारा घालून. ती हसली नाही. वहीत लिहून घेत होती. तुम्हाला सांगते, माझं बोलणं आजपर्यंत कोणी लिहून घेतलेलं नाही, पोलिसांनी पण नाही. मग वही मिटून म्हणाली, "आंटी, मी छोटा सिनेमा करतेय. बावीस मिनिटांचा. चाळीतल्या बाईचा. सुरुवातीला फक्त चेहरा पाहिजे. क्लोजअप. एक अख्खं मिनिट, कॅमेरा हलणार नाही. तुमचा घेऊ?"

आता इथे मला जरा थांबायला हवं. कारण तुम्हाला वाटेल, बाई हुरळली. हुरळलेच. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण आमच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली आहे. माझ्या लग्नाची सीडी. दौलत व्हिडिओवाले, त्या वेळी परळ-लालबागमध्ये त्यांच्याशिवाय लग्न लागत नव्हतं. त्या दौलतनं सीडीची सुरुवात केली माप ओलांडण्यापासून. उंबरठ्यावर तांदळाचं माप, त्याला माझा उजवा पाय लागतो, तांदूळ सांडतात. स्लो मोशनमध्ये. मग परत सांडतात, बाजूनं. मग तिसऱ्यांदा उलटे, सगळे तांदूळ सरसर मापात परत जातात, माप उभं राहतं आणि माझा पाय मागे जातो, जणू मी लग्न रद्द करून निघाले. मग माझी पाठ, कारण मी सगळ्यांच्या पाया पडतेय. कोणाकोणाच्या पडले, सगळी नावं पाठीवरून सांगता येतील. आणि माझं तोंड? अकराव्या मिनिटाला. जेवताना. त्यात अर्धी जिलेबी. नंतरच्या सगळ्या फोटोंत मी नाहीच, कारण फोटो मीच काढते. बारशी, मुंजी, मालवणची ट्रिप, सगळीकडे माझा अंगठा आहे.

तर कोणीतरी येऊन सांगतंय, तुझं तोंड, एक मिनिट, न हलता... मी काय म्हणणार होते, विचार करून कळवते?

सॅशानं जिन्यावरून परत वर येऊन सांगितलं, "आंटी, प्लीज, काही करू नका हां. झोपा, उठा, गॅलरीत या. जशा आहात तशा." मी म्हटलं, अगं, मी काय करणार. हेच तर मी वीस वर्षं सांगतेय, बाईला आहे तशी दाखवा. आणि ते मला खरंच पटलेलं होतं, गुरुवार संध्याकाळपर्यंत.

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर शेजारच्या मीराबाई नळावर म्हणाल्या, "मोठ्या पडद्यावर चेहरा केवढा दिसतो माहितीय? नाकावरचं भोक बादलीएवढं." बस. एवढंच म्हणाल्या आणि हंडा उचलून गेल्या. मी घरात येऊन आरशात बघितलं. पंचेचाळीस वर्षं ज्या नाकाकडे मी लक्ष दिलं नाही, त्या नाकावर मला बादल्याच बादल्या दिसायला लागल्या. शनिवारी सकाळी शूटिंग. शुक्रवारी संध्याकाळी मी पार्लरमध्ये. पार्लरवालीनं हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, रिक्षाचा टायर बघतात तसं, आणि म्हणाली, "काकी, फेशियलनं भागणार नाही. ब्लीच करू, वर गोल्ड." मी म्हटलं, कर. तिनं विचारलं, "आधी कधी केलंय?" मी म्हटलं, खूपदा. का म्हटलं? देवाला माहीत. परीक्षेत पण मी असंच करायचे.

बरं, मी एकटी मूर्ख असते तरी निभावलं असतं. पण मी चाळीत सांगितलं होतं ना. आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी धनेश. त्याला कॅमेरा येणार एवढं कळलं. गणपतीचं सामान माळ्यावर तयारच असतं, त्यानं काय केलं, गॅलरीतल्या सगळ्या बादल्या, पिंपं, वाळत घातलेले कपडे, कुंड्या उचलून मागच्या बाजूला नेल्या, कठड्याला झालर लावली, लायटिंग सोडलं आणि जिन्यावर फ्लेक्स, "सिनेमा टीमचे हार्दिक स्वागत", खाली स्वतःचा फोटो. बघा, त्याचा चेहरा पहिल्या फटक्यात. कंबरेपासून वर.

शनिवारी सकाळी मी उठले. म्हणजे तीनातली दुसरी गोष्ट केली. डोळे उघडायला गेले तर ते अर्धेच उघडले. जयवंत चहा घेऊन आले, माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अक्षदा?" प्रश्नचिन्हासकट. बावीस वर्षांच्या नवऱ्याला खात्री करून घ्यावी लागली. आरशात बघितलं तर उकडलेली कुर्ली, म्हणजे खेकडा. तसाच रंग. गाल वर, डोळे आत, आणि कपाळ नुसतं चकाकतंय, त्याचा गोल्ड मात्र छान बसला होता.

सासूबाई कोपऱ्यात वेणी घालत होत्या. रमाबाई, मूळच्या कोकणातल्या, बावन्न वर्षं याच खोलीत. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चावला काय गो?"

मी म्हटलं, नाही हो आई, फेशियल केलं.

"आपणच?"

म्हणजे आपणहून, स्वतःच्या पायांनी जाऊन. मी हो म्हटलं. त्यांनी वेणीला रबर लावलं आणि सुपात निवडायचा जवळा घेऊन गॅलरीच्या टोकाला जाऊन बसल्या. रोज तिथेच बसतात. धनेशनं बादल्या हलवल्या, पिंपं हलवली, पण सासूबाईंची जागा हलवायची हिंमत त्याच्या बापाला पण झाली नसती.

आता उन्हाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन पावणेआठला येतं आणि साडेआठला जातं. पाऊण तास. त्यातच पापड, त्यातच गाद्या, त्यातच सॅशाचा सिनेमा. सॅशा सातला आली, बरोबर कॅमेरावाला वॉरेन, लांबलचक, न बोलणारा मुलगा. दोघं जिन्यावर आले आणि थांबले. सॅशा झालरीकडे बघत म्हणाली, "आंटी... चाळ कुठे गेली?" मग धनेशची समजूत काढा, झालर सोडा, बादल्या परत आणा, आणि बादल्या परत आणताना कुणाची कुठली यावरून दोन घरांत जुनं काढून झालं. यात आठ वाजून दहा मिनिटं झाली. आणि तेव्हा कुठे ती माझ्याकडे वळली.

पोरगी चांगली हो. किंचाळली नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या."

मी म्हटलं, बेटा, गॅलरीत तर आले ना.

ती वॉरेनकडे गेली, त्याच्या कानात काहीतरी बोलली, उन्हाकडे बघितलं, परत आली. "आंटी, आपण मागून घेऊ. भरलेली बादली घेऊन नळापासून टोकापर्यंत चालत जा. कॅमेरा खाली ठेवतो."

मी म्हटलं, "खाली म्हणजे... आधी पाय?"

"हो."

"मग पाठ?"

"हो."

"आणि चेहरा?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगते, या पोरीनं, जिनं वहीत लिहून घेतलं होतं, ती म्हणाली, "वेळ उरला तर बघू."

सात वेळा चालले मी. भरलेली बादली घेऊन, कारण रिकामी बादली म्हणे चालण्यात कळते. पहिल्या वेळी मी जरा कंबर सांभाळून चालले, सिनेमासारखी. वॉरेन त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला, "मॅडम, पाणी सांडतंय." सातव्या वेळी मी कोणासाठीच चालत नव्हते, बादली कधी खाली ठेवते असं झालं होतं, आणि सॅशा ओरडली, हेच, हेच पाहिजे. तोवर ऊन गेलं. मग तिनं माझ्याकडे बघून, दया येऊन म्हणा, सावलीत उभं केलं, पावडर लावली, आणि वॉरेननं माझं तोंड घेतलं. एक मिनिट. मी मोजलं. न हलता.

त्या एका मिनिटावर मी चार महिने काढले. मला माहीत होतं कशी दिसत असेन. पण मला हेही माहीत होतं की कॉम्प्युटरवर आता काय काय करतात, लोकांना डायनॉसॉर करतात, मला अक्षदा नाही करणार? मी सगळीकडे सांगितलं. सुरुवात चुकवू नका, सुरुवातीलाच मी आहे. नणंद, दोन दीर, ऑफिस, पार्लरवाली, मीराबाई. दादरला छोट्या हॉलमध्ये दाखवणार होते, खुर्च्या चाळीस, त्यातल्या एकोणीस माझ्या माणसांच्या. पडदा काळा व्हायच्या दहा मिनिटं आधी मी सगळ्यांना बसवलं. सासूबाईंना मधली खुर्ची.

अंधार झाला. ओल्गानं माझा हात धरला.

पाय. माझे. केवढे, तुम्हाला सांगते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक पाऊल. ओली फरशी, बादलीतून थेंब, आणि टाचा... टाचांना भेगा, एकेक अशी की त्यात एक कुटुंब राहील. मागून मोठ्या दिराचा आवाज, "वहिनी कुठेय?" आणि जयवंतांचा, "ही काय."

मी म्हटलं, आता चढणार, आता पोटरी, आता कंबर. पण कॅमेरा चढला नाही हो. खालीच बसून राहिला. मी त्याच्यापासून लांब जातेय, लहान लहान होत जातेय, म्हणून पाठ दिसतेय, बस. माझे पाय कोणाकडे येत नव्हते. कामाला चालले होते. आणि कॅमेरा मागे राहिला होता, बिचारा, मी थांबेन म्हणून. मला एकदम वाटलं, अरे, असे पाय मी बघितलेच नव्हते. वीस वर्षं मी पायांना शिव्या देत होते, चूक पायांची नव्हती. वर चढणाऱ्याची होती. पण हे मी कोणाला बोलले नाही, माझा वीस वर्षांचा अभ्यास आहे, असा एका मिनिटात कसा सोडू?

मग मी गॅलरीच्या टोकाला पोचते आणि वळून घरात जाते. बादलीसकट. गेले. आणि तिथे टोकाला, मी गेल्यावर जी जागा उरली तिथे, सासूबाई.

तोंड. अख्ख्या पडद्यावर. वॉरेननं कधी घेतलं, मला पत्ता नाही, बादल्यांवरून भांडण चाललं होतं तेव्हा असेल. सॅशानं नंतर विचारलं होतं म्हणे, आजी, ठेवू का? तर म्हणाल्या, "ठेव. माका काय." जवळा निवडतायत, मग वर बघतात. पदर सारखा करत नाहीत. हसत नाहीत. नुसत्या बघतात, एक मिनिट, आणि असं बघतात की खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटावं आपण न विचारता यांच्या घरात शिरलोय. पूर्ण हॉल सरळ बसला. मीराबाईंनी पाय खुर्चीखाली घेतले. नाकावर बादल्या होत्या की नाही, कोणी बघितलंच नाही. मी पण, तुम्हाला सांगते, बावीस वर्षं ज्या बाईबरोबर एका खोलीत राहते, तिच्याकडे इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही. डाव्या भुवईत त्यांना एक व्रण आहे. तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं.

पुढचा सिनेमा मी बघितला नाही. सावलीतलं माझं मिनिट येतंय का, एवढंच बघत होते. विसाव्या मिनिटापर्यंत आशा होती. एकविसाव्यात नावं सुरू झाली. नावांत मी होते. वरून चौथी.

टाळ्या झाल्या. सगळे सासूबाईंच्या पाया पडले, सॅशा, वॉरेन, धनेश पण. माझ्या एकोणीस माणसांनी मला शोधून काढून सांगितलं, छान चाललीस हो. पार्लरवाली मागच्या दारानं गेली.

परतताना टॅक्सीत पुढे जयवंत, मागे मी आणि सासूबाई. दादर गेलं, परळ आलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील. सून म्हणून नको, चार महिने वाट बघितलेलं माणूस म्हणून तरी. मीच म्हटलं, "आई, कसं वाटलं? माझं?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वळल्या, अगदी पडद्यावर बघत होत्या तशा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या,

"तोंडाक एवढा लावलंस... थोडा टाचांक लावूचा होता."